वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं: जळालेलं कार्ड दुरुस्त करताना

या खेपेच्या पत्रांत वॉशिंग मशीन, इंडक्शन शेगडी आणि टाकीच्या पाण्याचा ऑटोमॅटिक कंट्रोलर यांच्या कार्डांबद्दलचे, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डांबद्दलचे, प्रश्न जास्त आहेत. पावसाळ्याचे दिवस आणि तुटणाऱ्या तारा, त्यामुळे नवल नाही. उत्तरं वाचण्याआधी एवढं लक्षात घ्या: प्लग काढल्यावरही कार्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत दाब साठून राहू शकतो. मल्टिमीटर (पुढे नुसतं मीटर) नीट वापरता येत नसेल तर हे काम जाणत्या माणसाकडे द्या.

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर): वादळात खांबावरची तार तुटली. जोडून करंट आला तेव्हा घरातले दोन बल्ब उडाले आणि वॉशिंग मशीन बंद पडलं. उघडून बघितलं तर कार्डावरची निळी गोल चकती फुटलेली, शेजारचा काचेचा फ्यूज काळाकुट्ट. मेकॅनिक म्हणतोय नवीन कार्डच घाला. चकती आणि फ्यूज बदलून चालेल काय?

उत्तर: चालण्याची शक्यता बरीच आहे. फक्त फ्यूज बदलून थेट प्लग लावू नका.

बल्ब उडाले यावरूनच काय झालं ते कळतं. तुटलेली तार न्यूट्रलची असणार. खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल असतो. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये येतात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात लोडप्रमाणे वाटले जातात. ज्या फेजवर लोड कमी, तिथे दाब जास्त. शेजाऱ्याकडे गिझर चालू आणि तुमच्याकडे दोनच दिवे, तर तुमच्या घरात ३५० व्होल्टही येऊ शकतात.

निळी चकती म्हणजे व्हॅरिस्टर, एमओव्ही. तिच्यावर बहुतेक १४डी४७१ किंवा १०डी४७१ असं छापलेलं असतं. पहिला आकडा मिलिमीटरमधला व्यास. ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट: या दाबाला ती वाहू लागते. सतत सोसायचा तिचा एसी दाब ३०० व्होल्ट. विजेचा क्षणभराचा झटका ती गिळते. ३५० व्होल्ट मिनिटभर टिकले तर मात्र दर अर्ध्या सायकलला वाहते, तापते, शॉर्ट होते आणि फ्यूज उडवून फुटते. म्हणजे तिने आपलं काम केलं. प्रश्न एवढाच की फ्यूज उडेपर्यंत पुढे किती दाब गेला.

फ्यूजची काच उजेडात धरून बघा. आत काळा किंवा चंदेरी लेप बसला असेल तर पुढे सरळ शॉर्ट झालेला आहे. काच स्वच्छ असून तार मधोमध वितळून तुटली असेल तर लोड हळूहळू वाढला होता. तुमचा पहिला प्रकार. तो शॉर्ट चकतीचाच होता की तिच्या पुढेही काही गेलंय, ते मीटर सांगेल.

आधी मोठा कपॅसिटर रिकामा करा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, त्याने ट्रॅक, म्हणजे कार्डावरची तांब्याची पट्टी, उडतो आणि डोळ्यालाही धोका असतो. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरला दोन इन्सुलेटेड वायर जोडून ठेवा आणि कपॅसिटरच्या दोन पायांवर पाच सेकंद धरा. मग डीसी व्होल्टवर मोजून खात्री करा. फुटलेल्या चकतीची काजळी प्लॅस्टिक ब्रश आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून काढा. ती वीज वाहते, तशीच ठेवली तर नवीन चकतीच्या पायांजवळच पुन्हा ठिणगी पडेल.

चकती काढून टाका आणि मग मोजायला घ्या. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. ब्रिज, म्हणजे एसीचा डीसी करणारे चार डायोड किंवा चार पायांचा एकच भाग: प्रत्येक डायोड एका बाजूने ०.४५ ते ०.७ दाखवेल, उलट बाजूने काही नाही. दोन्ही बाजूंनी ०.० येऊन बीप वाजत असेल तर तो शॉर्ट. कपॅसिटरवर ४०० व्होल्ट लिहिलंय का बघा. ३५० व्होल्ट एसीचं शिखर ४९५ व्होल्टला जातं, त्यामुळे त्याचं डोकं फुगलेलं असू शकतं. थोडासा फुगलेलाही बदला, आणि जागा असेल तर ४५० व्होल्टचा घाला. त्यानंतर सप्लायचा छोटा आयसी, बहुतेक एलएनके ३०४ किंवा व्हायपर मालिकेतला. त्याचा ड्रेन आणि सोर्स शॉर्ट असेल तर वाटेतला फ्यूजिबल रेझिस्टरही गेलेला असतो.

शेवटी ५ व्होल्टची लाईन. ७८०५च्या, म्हणजे ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटर आयसीच्या, आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत ओहम मोजा. शेकडो ओहम किंवा जास्त असतील तर पुढे जायला हरकत नाही. पाच-दहा ओहमच दाखवत असेल तर त्या लाईनवरचे छोटे कपॅसिटर एकेक उचलून बघा. तरीही तेवढंच आलं तर प्रोसेसर गेला असं समजा. त्यातला प्रोग्रॅम बाजारात मिळत नाही, तेव्हा मेकॅनिक म्हणतो तेच खरं, नवीन कार्ड घाला.

सगळे भाग बदलल्यावर पहिला करंट सिरीज बल्बमधून द्या. फेजच्या वायरमध्ये ६० वॉटचा तारेचा, म्हणजे फिलामेंटचा बल्ब. एलईडी बल्ब इथे चालत नाही. फक्त कार्ड जोडा, मोटर आणि व्हॉल्व्हचे सॉकेट काढून ठेवा. बल्ब क्षणभर उजळून विझला तर सप्लाय ठीक आहे. लखलखीत पेटून राहिला तर कुठेतरी अजून शॉर्ट आहे, पण नवीन भाग वाचले. मग मोठ्या कपॅसिटरवर ३०० ते ३२५ व्होल्ट डीसी, पुढे १२ आणि ५ व्होल्ट मिळतात का ते मोजा.

या कार्डांवरचा ५ व्होल्टचा भागही बहुतेक वेळा थेट मेन्सला जोडलेला असतो. ‘५ व्होल्टच आहेत’ म्हणून बोट लावू नका.

फ्यूज मूळ आकड्याचाच घाला, उदाहरणार्थ टी ३.१५ ए, २५० व्होल्ट. टी म्हणजे उशिरा उडणारा. मूळ फ्यूज पांढऱ्या सिरॅमिकचा असेल तर त्याजागी काचेचा घालू नका. सिरॅमिकमध्ये वाळू भरलेली असते आणि ती मोठ्या शॉर्टची ठिणगी विझवते. तांब्याची तार बांधणं हा उपाय नव्हे. पुढच्या वेळी चकती फुटेल तेव्हा उडायला फ्यूजच नसेल आणि जळेल ते कार्ड.

प्रश्न (आयटीआयचा विद्यार्थी, बेळगाव): रेझिस्टर इतका जळलाय की रंगाचे पट्टे दिसत नाहीत. सर्किटचा नकाशा नाही. किंमत कशी काढायची?

उत्तर: आधी त्याची जागा बघा, किमतीचा निम्मा अंदाज तिथेच येतो. फ्यूज किंवा फेजच्या टर्मिनलनंतर लगेच, ब्रिजच्या आधी, जाडसर आणि कार्डापासून थोडा उचलून बसवलेला असेल तर तो फ्यूजिबल: बहुतेक १० ते ४७ ओहम, १ किंवा २ वॉट. तिथे साधा कार्बन रेझिस्टर कधीच घालू नका. फ्यूजिबल आग न धरता उघडतो. साधा लाल होऊन जळतो आणि खालचं कार्ड पेटवतो.

जागेवरून कळत नसेल तर हे करून बघा. रेझिस्टर बाहेर काढा आणि ब्लेडने वरचा रंग हलकेच खरवडा. आत पांढऱ्या दांडीवर काळ्या थराचं नागमोडी वळण दिसेल, स्क्रूच्या आट्यांसारखं. ते बहुतेक एकाच ठिकाणी तुटलेलं असतं. टोकाच्या एका धातूच्या टोपीपासून तुटक्या जागेच्या कडेपर्यंत ओहम मोजा, मग दुसऱ्या टोपीपासून दुसऱ्या कडेपर्यंत. दोन्हींची बेरीज करा आणि जळालेल्या आट्याचं थोडं वर धरा. समजा एका बाजूने २.१ किलो आणि दुसऱ्या बाजूने २.३ किलो आलं. बेरीज ४.४, तेव्हा मूळ किंमत ४.७ किलो. बाजारात १, १.२, १.५, १.८, २.२, २.७, ३.३, ३.९, ४.७, ५.६, ६.८, ८.२ या पायऱ्यांच्या किमती सहज मिळतात, त्यामुळे अंदाज जवळचा असला तरी पुरतो.

अर्धवट दिसणाऱ्या पट्ट्यांवर विसंबू नका. उष्णतेने लाल तपकिरी होतो, नारिंगी लालसर दिसतो. पोटाकडचा, कार्डाच्या बाजूचा रंग कधीकधी शाबूत राहतो, काढल्यावर उलटून बघा. त्याच कार्डावर तसेच दोन-तीन विभाग असतील, उदाहरणार्थ प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक, तर शेजारचा चांगला रेझिस्टर मोजा. हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

आणि नवीन रेझिस्टर लावायच्या आधी, तो ज्याला पुरवठा करतो तो भाग तपासा. रेझिस्टर आपोआप जळत नाही. त्याच्यातून कोणीतरी जास्त करंट ओढलेला असतो.

प्रश्न (खानावळचालक, निपाणी): इंडक्शन शेगडीचा आयजीबीटी तीन महिन्यांत तीनदा बदलला. दर वेळी फ्यूज, ब्रिज आणि आयजीबीटी घातला की आठ-पंधरा दिवस चालते आणि धाड्कन जाते. बाकी काही जळलेलं दिसत नाही.

उत्तर: न दिसणाऱ्या भागातच दोष आहे. आयजीबीटी दर वेळी दुसऱ्याच्या चुकीने मरतो.

शेगडीत मेन्सचा डीसी होतो आणि कॉइल व तिला समांतर कपॅसिटर यांच्यात तो सेकंदाला वीस-तीस हजार वेळा खेळवला जातो. आयजीबीटी हा वेगाने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, करंटचं दार तोच उघडतो आणि मिटतो. उघडायची वेळ नेमकी असते: त्याच्यावरचा दाब शून्याजवळ आला की. वेळ चुकली किंवा दाब १२०० व्होल्टच्या वर गेला की तो फुटतो, आणि त्याच्याबरोबर ब्रिज आणि फ्यूज.

पहिला संशयित रेझोनन्स कपॅसिटर. कॉइलच्या दोन टर्मिनलांमध्ये समांतर बसवलेला चौकोनी डबा, बहुतेक ०.२७ ते ०.३३ मायक्रोफॅरड, १२०० व्होल्ट. बाहेरून तो नवा कोरा दिसतो. काढून कपॅसिटन्स मोजा. छापील आकड्यापेक्षा पाच टक्क्यांहून कमी आला तर बदला. कपॅसिटन्स घटला की आयजीबीटीवरचं दाबाचं शिखर उंचावतं. दुसरा संशयित ब्रिजनंतरचा ५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याचा कपॅसिटन्स घटला की डीसी डचमळतो. दोन्ही एकदमच बदला. खानावळीत शेगडी दिवसाला पाच-सहा तास चालते, घरगुती कपॅसिटर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. तुमच्या वापराला हेच दुखणं असण्याची शक्यता आम्हाला सगळ्यात जास्त वाटते.

तिसरा दोष शोधायला चिकाटी लागते. कॉइलच्या दोन्ही टोकांपासून दोन दाबांची तुलना करणाऱ्या कंपॅरेटरकडे, म्हणजे एलएम ३३९ किंवा प्रोसेसरच्या पायाकडे, जास्त किमतीच्या रेझिस्टरांच्या रांगा जातात, २२० किलो, ३३० किलो, ४७० किलो अशा. दार उघडायची वेळ यांच्यावरून ठरते. शेकडो व्होल्ट सोसून त्यांची किंमत हळूहळू वाढते किंवा ते उघडे पडतात, आणि रंग मात्र जरासुद्धा बदलत नाही. प्रत्येकाचा एक पाय उचलून मोजा. ३३०चा ३६० दाखवत असेल तरी बदला, आणि एक टक्क्याचा मेटल फिल्म घाला.

चौथा, गेटचा, म्हणजे आयजीबीटीला चालू-बंद करणाऱ्या पायाचा, ड्रायव्हर. एस ८०५० आणि एस ८५५० या ट्रान्झिस्टरांची जोडी, गेटजवळचा १८ व्होल्टचा झेनर (दाब मर्यादेत ठेवणारा डायोड), आणि गेट ते एमिटर १० किलोच्या आसपासचा रेझिस्टर. आयजीबीटी फुटतो तेव्हा मेन्स गेटमधून मागे शिरतो आणि हे भाग अर्धमेले करतो. चारही भाग मोजल्याशिवाय नवीन आयजीबीटी लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

आता लावायची रीत. आधी आयजीबीटी न बसवता, १०० वॉटच्या सिरीज बल्बवर कार्ड चालू करा. १८ आणि ५ व्होल्ट आले का बघा. मग मोकळ्या गेटच्या छिद्रावर मोजा. शेगडी स्टँडबायमध्ये असताना तिथे शून्याच्या आसपासच हवं. १८ व्होल्ट उभे असतील तर नवा आयजीबीटी प्लग लावताक्षणी गेला असता. हे ठीक असेल तर करंट बंद करा, कपॅसिटर रिकामा करा आणि आयजीबीटी बसवा. छापील बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून गेट, कलेक्टर, एमिटर. हीटसिंकची जुनी पेस्ट पूर्ण पुसा आणि नवी पातळ पसरा, कागदाएवढी. जाड थराने उष्णता अडते. स्क्रू घट्ट आवळा. ब्रिज त्याच हीटसिंकवर असेल तर त्याचाही.

पुन्हा सिरीज बल्बवर, भांड्यात पाणी घालून चालू करा. बल्ब दर एक-दोन सेकंदांनी क्षणभर लुकलुकला तर शेगडी भांडं शोधतेय, वेळ बरोबर आहे. कमी व्होल्टेजचा एरर दाखवला तरी घाबरू नका, बल्बमुळे तो येणारच. बल्ब सतत पेटून राहिला तर तत्काळ बंद करा.

मूळ भाग एच२०आर१२०३ जातीचा असेल तर त्याच्या पोटातच उलटा डायोड असतो. नंबर जुळवताना डायोड नसलेला आयजीबीटी घातला तर तो पहिल्याच मिनिटाला जाईल. डायोडच्या खुणेवर लाल तार एमिटरला, काळी कलेक्टरला लावली की ०.४ ते ०.५ दाखवलं पाहिजे. काहीच दाखवलं नाही तर तो भाग परत करा.

शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा ओलं फडकं नको. पंखा खालून हवा ओढतो. कागद चिकटला की हीटसिंक तापतो. पंख्याच्या पात्यांवर तेलकट थर बसला असेल तर तोही काढा.

प्रश्न (चिकोडी): वॉशिंग मशीनमध्ये पाणी येणं बंद झालं. पाण्याच्या व्हॉल्व्हचा ट्रायॅक (व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जळला होता, बदलला, दुसऱ्या दिवशी पुन्हा जळला.

उत्तर: व्हॉल्व्हची कॉइल मोजली का? चांगली कॉइल साधारण ३.५ ते ४.५ किलोओहम दाखवते. शे-दोनशे ओहमवर आली असेल तर आतले वेढे एकमेकांत शॉर्ट आहेत आणि छोटा ट्रायॅक तेवढा करंट सोसणार नाही. व्हॉल्व्ह बदला, मग ट्रायॅक. व्हॉल्व्हच्या सॉकेटवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर नळीच्या जोडातून थेंब गळतोय. वॉशर आधी बदला.

प्रश्न (अनगोळ, बेळगाव): टाकीच्या कंट्रोलरचा दिवा मंद लागतो, रिले कट-कट करते पण मोटर चालू व्हायना झालीय. कार्डावर जळल्याची खूण नाही.

उत्तर: यात ट्रान्सफॉर्मर नसेल आणि एक मोठा चौकोनी पिवळा किंवा लाल कपॅसिटर फेजच्या वाटेत असेल, तर दोष त्याचाच. असे कंट्रोलर कपॅसिटरच्या अडथळ्यावर दाब उतरवतात. ५० हर्ट्झला १ मायक्रोफॅरडचा अडथळा जवळपास ३,२०० ओहम, म्हणजे पुढे ७० मिलिअँपच्या आसपास करंट मिळतो. धातूच्या पातळ थराचा हा कपॅसिटर प्रत्येक झटक्याला आपलाच थोडा थर जाळून स्वतःला वाचवतो, आणि त्यामुळे वर्षागणिक बारीक होत जातो. ०.४ मायक्रोफॅरडवर आला की करंट ३० मिलिअँपच्याही खाली. १२ व्होल्टच्या सामान्य छोट्या रिलेलाच ३० लागतो, दिवा आणि आयसीचा वेगळा. म्हणून रिले उचलते आणि सोडते.

काढून मोजा आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, एक्स२ (थेट मेन्सवर लावायचा) असं छापलेला, २७५ किंवा ३१० व्होल्ट एसीचा घाला. ४०० व्होल्ट डीसीचा साधा कपॅसिटर आकाराने बसतो म्हणून घालू नका. तो शॉर्ट होऊन गेला तर अख्खे मेन्स पुढे जातील. त्याच्या समांतर ४७० किलो ते १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तोही मोजा. उघडा पडला असेल तर प्लग काढल्यावर पिनेला हात लागून झटका बसतो. आणि या कार्डाचा कुठलाही कोपरा मेन्सपासून वेगळा नाही, हे विसरू नका.

प्रश्न (कणकुंबी, ता. खानापूर): पावसात भिंतींनाही पाझर फुटतो. कार्डावर मुंग्यांचं वारूळ आणि एक मेलेली पाल सापडली. दोन ट्रॅक जळून कार्डाला काळं भोक पडलंय. ट्रॅकवरून तार जोडली तर ठिणग्या उडतात.

उत्तर: तो काळा भाग कोळसा आहे आणि कोळशातून वीज वाहते. तपकिरी कागदी कार्ड, बहुतेक स्वस्त उपकरणांत तेच असतं, एकदा करपलं की वरून तार जोडून भागत नाही. करपलेला भाग छोट्या ड्रिलने किंवा कानसीने पूर्ण काढा, तपकिरी निरोगी रंग दिसेपर्यंत. अर्धा सेंटिमीटर जास्त गेलं तरी चालेल. मग कडांच्या दोन्ही बाजूंना मीटर २० मेगाओहमच्या रेंजवर लावा. काही आकडा दाखवला तर अजून कोळसा शिल्लक आहे.

तुटलेली वाट जाड इन्सुलेटेड वायरने पूर्ण करा. मोटर किंवा हीटरची लाईन असेल तर कार्डावरून न नेता सरळ टर्मिनलपासून रिलेच्या पायापर्यंत न्या. फेज आणि न्यूट्रल यांच्यात किमान ३ मिलिमीटर, मेन्स आणि कमी दाबाची बाजू यांच्यात किमान ६ मिलिमीटर मोकळं अंतर राहू द्या.

कार्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुवा. रॉकेल, पेट्रोल वापरू नका. मग हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतक्या गरम हवेवर अर्धा तास, रिले आणि सॉकेटांच्या पोटात विशेष. वाळल्यावर वॉर्निशचा पातळ स्प्रे द्या, सॉकेट, रिले आणि बटणं टेपने झाकून.

कार्ड पारदर्शक रबरी लगद्यात बुडवलेलं असेल तर कामाच्या जागेवरचाच तुकडा बोथट चाकूने कापून काढा. दगडासारखा कडक असेल तर नादी लागू नका. परत झाकायला सिलिकॉन घेताना ट्यूबचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

हवेच्या भोकांना बारीक प्लॅस्टिकची जाळी लावा, पण पंख्याची वाट मोकळी ठेवा. रिलेच्या उबेला मुंग्या जमतात. मुंग्या येऊ नयेत म्हणून कार्डावर पावडर टाकू नका. ती ओलावा धरते.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): मायक्रोवेव्हचा फ्यूज जातोय, घरी बघू काय?

उत्तर: नको. त्यातल्या कपॅसिटरवर २,००० व्होल्टच्या वर दाब येतो, मॅग्नेट्रॉनवर त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि तो घरगुती मीटरने मोजायचा नाही. दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): शेजारी पॉवरलूम आहेत. दर सहा महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या उपकरणाचं कार्ड जातं. स्टॅबिलायझर लावला तरी जातंच.

उत्तर: दोष मागांचा आहे की तुमच्या जोडणीचा, हे आधी ठरवा. घरात दोन वेगवेगळ्या फेजवरचे सॉकेट असतील तर दोन मीटर लावून बसा आणि मोठी मोटर सुरू होताना आकडे बघा. दोन्हीकडे दाब एकदम खाली जात असेल तर लाईनवरच लोड आहे. एकीकडे खाली आणि दुसरीकडे वर जात असेल, समजा १९० आणि २६०, तर न्यूट्रल कुठेतरी सैल आहे. हा दुसरा प्रकार कार्डं खातो, आणि साधा रिलेचा स्टॅबिलायझर तो आवरू शकत नाही, कारण रिले उलटेपर्यंत दाब पुढे गेलेला असतो.

मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रलच्या सगळ्या कड्या तपासून घ्या: वीज मीटरखालची, मेन स्विचमधली, न्यूट्रल लिंकवरची. सैल स्क्रूजवळ वायरचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं आणि तांबं काळसर पडलेलं दिसतं. काळा भाग कापून नवं टोक काढावं आणि ॲल्युमिनियमची तार तांब्याला थेट पिळ देऊन जोडलेली असेल तर ती उघडून दोन धातूंसाठीचा लग वापरावा. खांबावरचा जोड सैल असेल तर तिथे स्वतः हात घालायचा नाही, वीज कचेरीत लेखी तक्रार द्या आणि मोजलेले दोन्ही आकडे व वेळ तिच्यात लिहा.

नंतर मेन स्विचच्या पुढे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. २७० व्होल्टच्या आसपास तोडणारा आणि दाब स्थिर झाल्यावर किमान तीन मिनिटांनी जोडणारा. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला तेवढी उसंत लागतेच. घर तीन फेजचं असेल तर तीनही फेज एकदम तोडणारा घ्या. आणि एखाद्या रात्री घरातला एक बल्ब डोळे दिपतील असा पेटला आणि दुसरा मंदावला, तर कारण शोधत बसू नका, आधी मेन स्विच खाली करा.